केसपेपर कोणाच्या नावाने? : व्यसनग्रस्त घरातील एका कुटुंबाचा प्रकरण अभ्यास

एप्रिलचा तिसरा आठवडा होता. नागपुरात या दिवसांत दुपारी बारानंतर रस्ते ओस पडतात आणि बाह्यरुग्ण विभागातली गर्दीही ओसरते. अशा वेळी ४२ वर्षांच्या एक बाई मनोविकार विभागात एकट्याच आल्या. केसपेपर त्यांनी नवऱ्याच्या नावाने काढला होता आणि नवरा सोबत नव्हता. खुर्चीवर टेकण्याआधीच त्यांनी पर्समधून गोळ्यांची रिकामी पट्टी काढून टेबलावर ठेवली. "हेच लिहून द्या जी," त्या म्हणाल्या, "भाजीत टाकली तं समजत नाही म्हणतात."

पट्टी डायसल्फिराम या दारू सोडवण्यासाठीच्या औषधाची होती. त्या दिवसापासून सुरू झालेले हे प्रकरण चौदा महिने चालले असून अजून बंद झालेले नाही. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून वस्ती, व्यवसाय आणि काही किरकोळ तपशील बदलले आहेत. कुणाचेही नाव दिलेले नाही.

घर

घर मानेवाडा रस्त्याच्या आतल्या बाजूला आहे. दोन खोल्या, पुढे टिनाचे शेड आणि शेडमध्ये शिलाई मशीन. पती ४६ वर्षांचे असून बुटीबोरीच्या एका कारखान्यात फिटर आहेत आणि त्यांचा पगार १९ हजारांच्या आसपास आहे. पत्नी ब्लाउज शिवून आणि साड्यांना फॉल-पिको करून महिन्याला पाच-सहा हजार मिळवतात. सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत. सासरे एम्प्रेस मिलमध्ये होते आणि त्यांच्या पश्चात सासूबाईंना सुमारे बाराशे रुपये पेन्शन मिळते. मुलगी १६ वर्षांची, तिची दहावीची परीक्षा नुकतीच संपली होती. मुलगा ११ वर्षांचा. मोठे दीर हिंगण्याकडे राहतात आणि घरातले निर्णय अजूनही त्यांच्या शब्दाने होतात.

पतींचे पिणे पंधरा वर्षांपूर्वी पगाराच्या दिवसापुरते होते, नंतर ते रोजचे झाले. गेल्या आठ महिन्यांपासून सकाळी हात थरथरू लागले की आधी देशीचा पव्वा आणि मग आंघोळ असा क्रम होता. सकाळचा हा पव्वा हौसेचा नसतो. शरीर मद्यावर अवलंबून झाल्याची ती खूण आहे, आणि पुढे जुलैमध्ये जे घडले त्याचे मूळ तिथेच होते.

गोळी का नाकारली

डायसल्फिराम हे औषध शरीरात मद्याच्या विघटनाची साखळी मध्येच तोडते. त्यामुळे ॲसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य रक्तात साचते आणि दारू पिताच चेहरा लालबुंद होणे, छाती धडधडणे, उलट्या होणे, रक्तदाब घसरणे असा त्रास सुरू होतो. माणसाला हे ठाऊक असेल, त्याने स्वतः होकार दिला असेल आणि घरचे कोणी रोज समोर गोळी देत असेल, तर या त्रासाची भीती त्याला भट्टीच्या दारातून परत फिरवू शकते. ठाऊकच नसेल तर ही भीती मनात उभीच राहत नाही, आणि हाती उरते ती नुसती विषबाधेसारखी अवस्था, जी हृदयविकार असलेल्या माणसाच्या जिवावर बेतू शकते. शेवटची गोळी घेतल्यानंतरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका टिकू शकतो, हे तर चोरून गोळी देणाऱ्या बहुतेक घरांना माहीत नसते.

हे समजावून सांगत असताना बाई रडू लागल्या. पट्टी रिकामी का होती, ते तेव्हा कळले. मार्च महिन्यात शेजारणीकडून घेतलेल्या गोळ्या त्यांनी चार दिवस वरणातून दिल्या होत्या. पाचव्या दिवशी पती लाल चेहऱ्याने, ओकत घरी आले. जवळच्या दवाखान्यात ऊन लागले म्हणून सलाईन लावले गेले आणि बाईंनी तिथे तोंड उघडले नाही. पतींना मात्र जेवणाचा संशय आला आणि तेव्हापासून त्यांनी घरचे जेवण जवळजवळ सोडले होते. म्हणजे गोळीने दारू सुटली नाही, सुटले ते एकत्र जेवणे.

'न सांगता दारू सोडवा' अशा जाहिराती शहरातल्या भिंतींवर सर्रास दिसतात आणि त्यांचे सारे आकर्षण 'न सांगता' या दोन शब्दांत आहे. ज्या घरात पंधरा वर्षे सांगून झाले, रडून झाले, शपथा घालून झाल्या, त्या घराला न सांगता होणारा कोणताही उपाय सोन्यासारखा वाटतो. म्हणून गोळी नाकारताना बाईंना दोष देण्याचे आम्ही कटाक्षाने टाळले. मात्र नकार देऊन त्यांना तशाच घरी पाठवले असते, तर त्या पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कोणाकडून पट्टी घेऊन आल्या असत्या, याविषयी मला शंका नाही.

दुसरा केसपेपर

आम्ही त्यांच्या स्वतःच्या नावाने दुसरा केसपेपर काढायला सांगितला. त्यांना ते पटले नाही. "मले काय झालं? पिते तो," असे त्या म्हणाल्या आणि खिडकीवरच्या कर्मचाऱ्यानेही आजार कोणता लिहू, असे विचारले. प्रश्न रास्त होता. आयसीडी-१० या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात 'झेड ६३' हा संकेतांक कुटुंबातील अडचणींसाठी आहे, पण आपल्याकडील बाह्यरुग्ण विभागात तो क्वचितच कोणी लिहितो. केंद्र शासनासाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार मद्यासंबंधी मदतीची गरज असलेल्यांची संख्या सुमारे ५ कोटी ७० लाख आहे, आणि मद्यावर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काही उपचार मिळतात. ही मोजणी पिणाऱ्यांची आहे. उरलेल्या ३७ जणांच्या घरी जे राहतात, त्यांनी पिणारा दवाखान्यात येईपर्यंत वाट पाहायची, असा आपला अलिखित नियम आहे.

हा नियम पाळण्याचे कारण नाही, असे दाखवणारे काम जुने आहे. अमेरिकेत १९९९ साली मिलर, मेयर्स आणि टोनिगन यांनी उपचार नाकारणाऱ्या मद्यपींच्या १३० नातेवाइकांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या नातेवाइकांना वागण्या-बोलण्याचे पद्धतशीर प्रशिक्षण मिळाले, त्यांच्यापैकी ६४ टक्क्यांची माणसे उपचारांना आली. सर्वांनी मिळून एकदम जाब विचारण्याच्या पद्धतीत हे प्रमाण ३० टक्के होते, आणि अल-अनॉन या मद्यपींच्या नातेवाइकांच्या स्वमदत गटाच्या बैठकांकडे वळवलेल्यांमध्ये १३ टक्के. मात्र अल-अनॉनचे उद्दिष्ट पिणाऱ्याला दवाखान्यात आणणे हे नाहीच. १९५१ पासून ही चळवळ घरच्यांच्या स्वतःच्या मनःशांतीसाठी आहे, त्यामुळे तो आकडा तिच्या विरोधात वापरणे मला अन्यायाचे वाटते. प्रत्यक्ष काम करताना आम्ही ब्रिटनमधील ऑरफर्ड, कोपेलो, वेलमन आणि टेम्पलटन यांनी विकसित केलेल्या पाच पायऱ्यांचा आधार घेतला. ऐकून घेणे, माहिती देणे, वागण्याच्या पद्धती तपासणे, आधाराची माणसे शोधणे आणि पुढच्या गरजा ठरवणे, अशा त्या पायऱ्या आहेत. गोव्यात 'संगथ' या संस्थेने याच धर्तीवर घरच्यांसाठी काम केले आहे, म्हणून ही पद्धत आपल्या घरांना अगदीच परकी नाही.

पहिल्या भेटीत जागतिक आरोग्य संघटनेची वीस प्रश्नांची स्वयंनिवेदन प्रश्नावली वाचून दाखवली. वीसपैकी १४ प्रश्नांना 'हो' उत्तर आले. त्यात झोप, भूक आणि थकवा होताच. जीवन संपवण्याचा विचार मनात येतो का, या प्रश्नालाही त्यांनी मान हलवली. विचार येऊन जातो, तसे काही ठरवलेले नाही, मुलांकडे पाहून मागे फिरते, असे त्यांनी सांगितले. त्या दिवशी नवऱ्याच्या दारूचा विषय तिथेच थांबवला. मनोविकारतज्ज्ञांनी त्यांची स्वतंत्र तपासणी करून नैराश्याचे उपचार सुरू केले, टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोबाइलमध्ये साठवून दिला आणि चार दिवसांनी पुन्हा बोलावले. 'मले काय झालं' या प्रश्नाचे उत्तर अशा रीतीने त्यांच्याच केसपेपरवर लिहिले गेले.

वही

दुसऱ्या भेटीसाठी त्यांना एक काम दिले होते. पतींच्या पिण्यापायी स्वतःला जे जे करावे लागते ते रोज लिहून आणायचे, चांगले-वाईट ठरवायचे नाही. ब्लाउजची मापे लिहिण्याच्या वहीत मागून सुरुवात करून त्यांनी २६ नोंदी आणल्या. पर्यवेक्षकाला फोन करून 'ताप आहे' म्हणून सांगणे, भट्टीवरची उधारी फेडणे, रात्री साडेअकराला पोळ्या पुन्हा गरम करणे, ओकारी पुसणे, पतसंस्थेचा हप्ता शिलाईच्या पैशातून भरणे, खिसे तपासणे, पव्वा सापडला की नालीत ओतणे, त्यावरून भांडण झाले की दुसरा पव्वा स्वतःच मागवणे, बहिणीच्या घरच्या बारशाला न जाण्याची सबब रचणे अशा त्या नोंदी होत्या. अठरावी नोंद होती : 'पोरीला स्कूटीवर आणायला पाठवणे.'

मराठीत यातल्या निम्म्या कृतींसाठी एक नेमका शब्दप्रयोग आहे, पांघरूण घालणे. पांघरूण घालणारा माणूस प्रेमापोटी आणि अब्रूपोटी ते घालतो, हे त्या शब्दातच आहे. तरीही त्याचा परिणाम असा होतो की दारूची किंमत पिणाऱ्याऐवजी घर भरत राहते. पतींना कामावर खाडा पडल्याची नोटीस कधीच मिळाली नव्हती, भट्टीवाल्याने त्यांना कधी हटकले नव्हते, सकाळी अंगावरचे कपडे स्वच्छ असायचे. आपण किती पितो याचा हिशेब त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता.

तरी सगळे पांघरूण एकदम काढून टाका, असा सल्ला आम्ही दिला नाही. माणूस पार तळाला गेल्याशिवाय सुधारत नाही, म्हणून त्याला जाऊ द्यावे, असे मत आपल्याकडेही बरेच लोक ठामपणे सांगतात. दोन खोल्यांच्या घरात तळाला एकटा माणूस जात नाही, त्याच्यासोबत पगार, शाळेची फी आणि म्हातारी आई जाते. म्हणून २६ नोंदींपैकी कोणती गोष्ट थांबवली तर घराचे नुकसान सर्वांत कमी होईल आणि त्यांच्या जिवावरचे ओझे सर्वांत जास्त उतरेल, एवढेच पाहिले. तीन गोष्टी निवडल्या. कारखान्यात खोटा फोन करायचा नाही. भट्टीची उधारी फेडायची नाही. मुलीने स्कूटीवर जायचे नाही. जेवण साडेनऊपर्यंत झाकून ठेवायचे, त्यानंतर उठून वाढायचे नाही, ही चौथी गोष्ट त्यांनी स्वतः जोडली. आणि बोलायचे ते सकाळी, पतींचे डोके ठिकाणावर असताना, तेही 'तुम्ही असे का करता' असे न विचारता 'काल तुम्ही जेवायला होते, पोरगा खूश होता' असे. हे वाक्य म्हणून दाखवताना त्यांना हसू आले होते, कारण पंधरा वर्षांत तसे कोणी कोणाला म्हटले नव्हते.

सर्वांत कठीण गेली ती स्कूटीची गोष्ट, आणि विरोध मुलीनेच केला. "मी नाही गेली तं बाबा नालीत पडून राहतील," असे ती मे महिन्यात आमच्यासमोर म्हणाली. ती चौदा वर्षांची असल्यापासून रात्री वडिलांना शोधून आणत होती. कोणत्या चौकात ते कोणासोबत बसतात हे तिला आईपेक्षा चांगले ठाऊक होते. या कामात धोका होता, पण त्याचबरोबर घरात तिला एक मोठेपणही होते. परवाना नसलेल्या मुलीला रात्री त्या ठिकाणी पाठवणे थांबलेच पाहिजे, हे आईला पटवायला दहा मिनिटे लागली. मुलीला त्या कामातून मोकळे करायला दोन महिने लागले.

सासूबाई

तिसऱ्या भेटीला सासूबाईंना बोलावले, तेव्हा त्या सुनेची तक्रार घेऊनच आल्या. "तुह्या सासऱ्यानं काय कमी पेली? घर चाललंच नं," असे त्या सुनेला रोज म्हणत असत. त्यांच्या हिशेबाने मिलमध्ये पाळी करून आलेला माणूस दोन घोट घेणारच, आणि सुनेने ते घराबाहेर सांगणे हा खरा गुन्हा. शिवाय पेन्शनमधले शंभर-दोनशे रुपये त्या दर आठवड्याला मुलाच्या हातावर ठेवत, कारण सकाळी त्याचे थरथरणारे हात त्यांना पाहवत नसत.

इथे आमची पहिली चाल चुकली. पैसे देऊ नका, असे आम्ही सरळ सांगितले आणि पुढच्या भेटीला त्या आल्याच नाहीत. नंतर सुनेकडून निरोप पाठवला की त्यांच्या यजमानांविषयी ऐकायचे आहे, आणि त्या आल्या. तासभर बोलल्या. मिलचा भोंगा, पगाराच्या दिवशी फाटकावर उभे राहून पाकीट हिसकावून घेणे, पुढे सासऱ्यांना झालेली कावीळ आणि फुगलेले पोट, हे सगळे त्यांनीच सांगितले. घर 'चालले' ते त्यांनी चार घरची धुणीभांडी करून चालवले होते. ते सांगून झाल्यावर त्या बराच वेळ गप्प बसल्या. पैसे देणे त्यांनी त्या दिवशी बंद केले नाही. त्यातले निम्मे नातवाच्या शिकवणीला देऊ लागल्या. आम्ही तेवढ्यावर थांबलो.

आषाढी

जूनच्या अखेरीस, खोटे फोन बंद झाल्यावर सातव्या आठवड्यात, पतींना कारखान्यातून पहिली लेखी ताकीद मिळाली. त्यांनी घरात आरडाओरडा केला, पण आषाढी एकादशीला वस्तीतल्या विठ्ठल मंदिरात जाऊन 'आजपासून बंद' अशी शपथ घेतली. घरात आनंद झाला. सासूबाईंनी नारळ फोडला. एकट्या पत्नीने आदल्या रात्रीच्या शेवटच्या पव्व्याची वेळ वहीत लिहून ठेवली.

रोज आणि सकाळपासून पिणाऱ्या माणसाने दारू एकाएकी तोडली, तर सहा ते बारा तासांत थरकाप आणि घाम सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत अपस्मारासारखे झटके येऊ शकतात आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान भ्रम, भास आणि बेभानपणाची जीवघेणी अवस्था येऊ शकते. हे त्यांना दुसऱ्याच भेटीत सांगितले होते. द्वादशीच्या पहाटे, शेवटच्या घोटानंतर साधारण तीस तासांनी, पतींना झटका आला. सासूबाई कांदा आणि चप्पल हुंगवायला धावल्या. पत्नीने त्यांना हाताने मागे सारले, पतींना कुशीवर वळवले, तोंडात काही घालू दिले नाही आणि मुलीला १०८ला फोन लावायला सांगितले. नागपुरात सारे ज्याला नुसते 'मेडिकल' म्हणतात, त्या शासकीय रुग्णालयात बारा दिवस उपचार झाले. ग्लुकोजच्या आधी थायमिन या जीवनसत्त्वाचे इंजेक्शन आणि क्लोरडायझेपॉक्साइड या शामक औषधाच्या हळूहळू कमी करत नेलेल्या मात्रा, असे त्या उपचारांचे स्वरूप होते.

सासूबाईंनी दोष सुनेला दिला : हिने दारू तोडायला लावली म्हणून झटका आला. यातला अर्धा भाग वैद्यकीयदृष्ट्या खरा होता, म्हणून आम्ही तो खोडून काढला नाही. दारू तुटल्याने झटका आला हे बरोबर आहे, पण ती डॉक्टरांच्या देखरेखीविना तुटली हे कारण आहे, आणि सकाळचे पिणे सुरू होण्याआधी तोडली असती तर कदाचित झटका आला नसता, असे वॉर्डातच त्यांना समजावले. त्यांना किती पटले, हे मी सांगू शकत नाही.

या बारा दिवसांत एक व्यावहारिक काम झाले. पतींच्या पगारातून राज्य कामगार विम्याची वर्गणी कापली जात होती, हे घरात कोणालाच नीट ठाऊक नव्हते. पात्र विमाधारकाला आजारपणाच्या रजेसाठी वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळू शकते. दाखल असल्याचे प्रमाणपत्र विमा दवाखान्यात आणि कारखान्यात रीतसर दिले गेले. इतकी वर्षे खोट्या तापावर निभावलेली नोकरी पहिल्यांदा खऱ्या आजाराच्या कागदावर टिकली. समुपदेशनाच्या दहा सत्रांपेक्षा या एका कागदाने पत्नीची झोप अधिक सुधारली, असे माझे निरीक्षण आहे.

तान्हा पोळा ते दिवाळी

घरी आल्यावर पाच आठवडे बरे गेले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, आमच्या भागात दारू आणि जुगाराला उधाण येते आणि पोलिसांचा बंदोबस्तही त्यामुळेच वाढतो. सकाळी सासूबाई नातवाला घेऊन महालात मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक पाहायला गेल्या होत्या आणि 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' या आरोळीत त्यांनी आपल्या मुलाची दारूही जोडली होती, हे त्यांनीच नंतर सांगितले. संध्याकाळी पती पिऊन घरी आले. दहा दिवसांत प्रमाण पूर्वीइतके झाले.

पुन्हा पिणे सुरू होणे हा या आजारात अपवाद नाही आणि तसे आम्ही आधी सांगितलेही होते, पण मोठ्या दिरांना ते सांगितले नव्हते. ती आमची दुसरी चूक. भाऊबीजेसाठी पत्नी मुलांना घेऊन भंडाऱ्याला माहेरी गेल्या असताना दिरांनी आईची सही घेऊन शहराबाहेरच्या एका खासगी केंद्राची गाडी बोलावली. चार माणसांनी पतींना रात्री उचलून नेले. १८ हजार रुपये आगाऊ घेतले होते, भेट आणि फोन दोन्ही बंद होते.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी संबंधित मानसिक अवस्थाही मानसिक आजारात मोडतात. त्यामुळे इच्छेविरुद्ध दाखल करण्याचा मार्ग कलम ८९ मधून जातो : नामनिर्देशित प्रतिनिधीचा अर्ज, एक मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरा एक मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर यांनी केलेली स्वतंत्र तपासणी, स्वतःला किंवा इतरांना इजा होण्याचा अथवा स्वतःची काळजी घेता न येण्याचा धोका, नोंदणीकृत आस्थापना, सात दिवसांत पुनर्विलोकन मंडळाला कळवणे आणि कमाल तीस दिवस. इथे यातले काहीच झाले नव्हते. पत्नीने दिरांना ही कलमे वाचून दाखवली आणि एकोणिसाव्या दिवशी पतींना घरी आणले. त्यांच्या दोन्ही मनगटांवर वळ होते. दिरांना मी खलनायक मानत नाही. त्यांना कोणी काहीच सांगितले नव्हते आणि गाडी पाठवणाऱ्याने सगळे सांगितले होते.

पतींची खात्री होती की बेत पत्नीचाच होता. घरी आल्यावर तिसऱ्या रात्री ते प्याले आणि त्यांनी पत्नीवर हात उचलला. मुलीने ११२ला फोन केला, पोलीस आले, समज देऊन गेले. दुसऱ्या दिवशीच्या भेटीत दारूचा विषय बाजूला ठेवून फक्त सुरक्षिततेवर बोललो : कागदपत्रांची पिशवी शेजारी ठेवणे, रात्री मशीनच्या शेडचे दार आतून बंद न करणे, कोणाच्या घरी जायचे ते ठरवणे, १८१ ही महिला हेल्पलाइन, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार संरक्षण अधिकाऱ्याकडे जाण्याची वाट, ज्यात राहत्या घरातून बाहेर न काढले जाण्याचा हक्कही आहे. त्यांनी तक्रार केली नाही. तो निर्णय त्यांचा होता. आम्ही इजेची नोंद केसपेपरवर केली, जेणेकरून पुढे लागल्यास ती उपलब्ध असेल. दारू प्यायला म्हणून मारले, असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. दारू सुटली की मारणे आपोआप सुटेल असे गृहीत धरू नका, हे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगितले.

सद्यःस्थिती

जानेवारीत एका सकाळी पती स्वतः आले. आदल्या आठवड्यात पत्नीने चहाच्या वेळी एवढेच म्हटले होते की मंगळवारी मी माझ्या केसपेपरवर दवाखान्यात जाते आहे, तुम्हाला यायचे असेल तर तुमचाही काढू. ते येताना चिडलेलेच होते. त्यांना या बाईंना इथे काय सांगितले जाते ते पाहायचे होते. नंतर मात्र ते येत राहिले. फेब्रुवारी आणि मार्चमध्ये दोनदा प्याले, दोन्ही वेळा चार दिवसांच्या आत पुन्हा आले. एप्रिलपासून प्यालेले नाहीत. मारहाण पुन्हा झालेली नाही. डायसल्फिरामचा पर्याय त्यांच्यासमोर खुलेपणाने मांडला तेव्हा त्यांनी तो नाकारला. आदल्या वर्षी मार्चमध्ये वरणातून काय दिले होते ते पत्नीने तोवर त्यांना सांगितले होते, आणि ते सांगताना मी खोलीत असावे असा त्यांचा आग्रह होता.

पत्नीची प्रश्नावली जूनमध्ये पुन्हा घेतली तेव्हा 'हो' उत्तरे १४ वरून ६ वर आली होती. यातला मोठा बदल डिसेंबरपर्यंत, म्हणजे पती पीत असतानाच झाला होता, हे मी मुद्दाम नोंदवतो. पत्नी आता महिन्यातून दोनदा अल-अनॉनच्या बैठकीला जातात, बहिणीच्या घरी जाऊ लागल्या आहेत. मुलगी बारावीत गेली. सासूबाई अधूनमधून स्वतःच्या गुडघ्यांसाठी येतात आणि जाता जाता आमच्या खोलीत डोकावतात.

मुलाविषयी पहिल्या भेटीच्या टिपणात आम्ही लिहिले होते : 'शांत, अभ्यासात बरा.' मे महिन्यात आईने हसत सांगितले होते की बाप घरात येताना तो दारात उभा राहून वास घेतो आणि तिला मागून बोटे दाखवतो, एक म्हणजे थोडी, तीन म्हणजे जास्त. आम्हीही हसलो होतो. परवाच्या भेटीत त्यांनी सांगितले की बाप तीन महिन्यांपासून पीत नाही, तरी मुलगा रोज सातला खेळ सोडून दारात येतो, वास घेतो आणि मूठ बंद करून दाखवतो. पुढच्या मंगळवारी त्याला सोबत आणायचे ठरले आहे. चौदा महिन्यांत त्या घराचे चार केसपेपर निघाले, त्याच्या नावाचा अजून निघालेला नाही.